गुरुवारची पाहणारी

मोठ्या बागेच्या पूर्वेकडच्या फाटकावर ज्या बाई बसायच्या, त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं 'बाई'. वय सत्तावन्न, अंगानं काटक, गणवेशाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा भर उन्हाळ्यात लावलेली. गवतावर कुणाचा पाय पडला की कुठूनशी शिट्टी वाजायची आणि तो माणूस एक पाय हवेत ठेवून जागच्या जागी उभा राहायचा. मग बाई सावकाश यायच्या, पाटीकडे बोट दाखवायच्या, आणि पाटी पूर्ण वाचून होईपर्यंत त्याला हलू द्यायच्या नाहीत. एकानं घाईत निम्मीच वाचली, तर त्यांनी त्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावली होती.

तसं पाहिलं तर बाई दिवसभर बोलत असायच्या. पण नीट कान दिला तर कळायचं की सगळं बोलणं एकाच जातीचं. फुलं तोडू नका, कुत्र्याला पट्टा लावा, कारंज्यात पाय घालू नका, सहा वाजले, चला. आणि लोक त्यांना जे सांगायचे तेही एकाच जातीचं. पाटी दिसलीच नाही, आत्ताच आलो, एकच तर फूल होतं. जो नियमानं वागतो तो फाटकातून येतो, फिरतो आणि निघून जातो. त्याला बाईंशी बोलायचं काही कारणच पडत नाही. म्हणजे बाईंच्या वाट्याला जी काही माणसं येत ती सगळी चुकार, आणि तीही शिट्टी वाजल्यावरच.

नवरा याच बागेत माळी होता. तो गेला तेव्हा त्याच्या जागी बाईंना घेतलं. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही, असं बाईंनी साहेबांना पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकलं, म्हणून मग फाटक दिलं. त्याला अकरा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. घर म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. दिवसा बाई कामावर असायच्या तेव्हा छापखाना धडधडायचा आणि बाई घरी यायच्या तेव्हा तोही बंद व्हायचा, त्यामुळे तेवढीही सोबत नाही. दर रविवारी धाकट्या बहिणीचा फोन यायचा. बहिणीचे तीन प्रश्न ठरलेले: जेवलीस का, गुडघा कसा आहे, बाकी काय. पहिल्या दोहोंची उत्तरं बाई द्यायच्या. तिसऱ्याला 'बाकी काय असणार' म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बागेत ड्रोनचं खूळ आलं. एक ड्रोन तळ्यात पडला, एक जुन्या झाडाच्या शेंड्यावर महिनाभर अडकून राहिला, आणि एक झुडपांमागं बसलेल्या एका जोडप्याच्या डोक्यावर इतका वेळ घोंगावला की त्या दोघांनी दोन वेगवेगळ्या फाटकांतून पळ काढला. तक्रारींचा ढीग झाला. मग उद्यान खात्यानं अकरा नियमांची पाटी लावली. ड्रोन फक्त गुरुवारी, चार ते साडेपाच. फक्त पूर्वेच्या मैदानात, दोरीच्या आत. पाण्याच्या टाकीपेक्षा उंच नाही. माणसांच्या डोक्यावरून नाही. प्रत्येक ड्रोनवर नोंदणीचा क्रमांक. बघ्यांनी दोरीपासून तीस पावलं लांब थांबायचं. घार किंवा दुसरा पक्षी अंगावर आला तर ड्रोन ताबडतोब खाली. असं बरंच काही. बाईंनी अकराच्या अकरा नियम दोन दिवसांत तोंडपाठ केले. दर गुरुवारी साडेतीनला त्या स्वतः खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायच्या आणि दोरीपासून तीस पावलं मोजून तिथं चुन्याची रेघ मारायच्या. ती रेघ बरोबर एका लाकडी बाकाच्या पुढून जायची.

यातला सातवा नियम जरा निराळा होता. काही लोक डोळ्यांवर एक डबडं चढवून ड्रोन उडवतात. त्याला ते चष्मा म्हणतात. त्यात ड्रोनच्या कॅमेऱ्याला समोर जे दिसतं ते दिसतं, पण आजूबाजूचं, वरचं, मागचं काहीच नाही. म्हणून चष्मा लावणाऱ्यासोबत एक पाहणारा हवा, असा तो नियम. पाहणाऱ्यानं शेजारी उभं राहून ड्रोनवरून नजर हलवायची नाही, आणि झाड, तार, पक्षी, काहीही आडवं आलं तर तोंडानं सांगायचं. फाटकावरच्या नोंदवहीत दोन रकाने होते. एक उडवणाऱ्याच्या नावाचा, एक पाहणाऱ्याच्या.

आठवा नियम असा, की कामावर असलेल्या कर्मचाऱ्यानं पाहणारा म्हणून उभं राहायचं नाही. हा नियम मुळात पाटीवर नव्हता, तो बाईंमुळं आला. पश्चिमेच्या फाटकावरचा उंच रखवालदार एकदा फाटक सोडून आपल्या मेव्हण्याचा पाहणारा म्हणून उभा राहिला आणि तेवढ्यात एक स्कूटर थेट कारंज्यापर्यंत आली. बाईंनी त्याच दिवशी लेखी तक्रार केली. उंच रखवालदाराला साहेबांची बोलणी बसली, पाटीवर सातव्या नियमाखाली एक ओळ वाढली, आणि बाईंना आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

हे सगळं झाल्यावर मग घड्याळजी आले.

पहिल्या गुरुवारी ते आले तेव्हा खांद्याला कापडी पिशवी होती. अडुसष्टच्या आसपासचे, बुटके, जाड भिंगांचा चष्मा, हातांची बोटं मात्र एखाद्या पेटी वाजवणाऱ्याची असावीत तशी निमुळती. त्यांनी पिशवीतून ड्रोन काढला, क्रमांक दाखवला, परवाना दाखवला, ते डबडंही दाखवलं. सगळं चोख.

"पाहणारा?" बाईंनी वही उघडून विचारलं.

"म्हणजे?"

"चष्मा लावणार ना? मग सोबत दुसरं माणूस लागतं. सातवा नियम."

"दुसरं माणूस नाहीये," ते म्हणाले. "मी एकटाच असतो."

"मग नाही."

आता हे काय काय सांगतील याची बाईंनी तयारी ठेवली. साहेब माझ्या ओळखीचे आहेत. पाचच मिनिटं उडवतो. कुणाला कळणार आहे. पण घड्याळजींनी 'बरं' म्हटलं, ड्रोन पुन्हा पिशवीत ठेवला, आणि रेघेमागच्या बाकावर जाऊन बसले. साडेपाचला उठले, "येतो" म्हणाले आणि गेले. बाईंना चुकल्याचुकल्यासारखं झालं. इतक्या सहजी ऐकणाऱ्या माणसाचं करायचं काय हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तेव्हा मात्र बाईंना राहवलं नाही. फाटकावर गर्दी नव्हती, त्या बाकापाशी गेल्या.

"पाहणारा नाही, तरी रोज येता?"

"रोज नाही. गुरुवारी."

"तेच ते. येऊन काय करता?"

"दुसरे उडवतात ते बघतो."

"दिसतं का इथून?"

"नाही," घड्याळजी हसले. "ऐकू येतं."

मग हळूहळू कळत गेलं. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेली. हातभर अंतरातलं सगळं लख्ख दिसायचं. "मुंगीचे पाय मोजून देईन," म्हणायचे. पण पन्नास पावलांपलीकडे सगळं धुकं. डॉक्टरांनीही हात टेकले होते. घड्याळं दुरुस्त करून घेणारी माणसं संपली तेव्हा दुकान बंद केलं. बायको आधीच गेली होती. हात स्वस्थ बसेनात म्हणून सुटे भाग आणून हा ड्रोन जोडला. शहराबाहेरच्या एका माळावर, नोंदणीच्या चाचणीच्या वेळी, पहिल्यांदा डोळ्यांवर ते डबडं चढवलं, आणि ड्रोन वर गेला तसं त्यांना नदीचं वळण दिसलं, पलीकडची टेकडी दिसली.

"पानं दिसली हो झाडांची," ते म्हणाले. "एकेक पान. वीस-बावीस वर्षांत लांबचं झाड म्हणजे मला हिरवा डाग."

 बाईंनी सवयीनं मनगटाकडे पाहिलं. मनगटावर नवऱ्याचं घड्याळ होतं, आणि ते अकरा वर्षं बंद होतं.

"बंद आहे," घड्याळजी लगेच म्हणाले. लांबचं दिसत नसलं तरी हे त्यांना बरोबर दिसलं. "बंद घड्याळ बांधून फिरता? आणि दुसऱ्यांना वेळ झाली म्हणून हाकलता?"

बाई हसल्या. बागेत, गणवेशात, कामाच्या वेळेत हसल्या. ही गोष्ट नोंद करून ठेवावी अशीच होती. त्यांनी घड्याळ काढून दिलं. पुढच्या गुरुवारी ते चालू होऊन आलं. बाईंनी ते कानाशी धरलं आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

तेव्हापासून बाई गुरुवारची वाट बघायला लागल्या. माणूस आवडला होता त्यांना, यात लपवण्यासारखं काही नाही. कुणी लगेच लग्नाबिग्नापर्यंत पोचू नये. कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारावं आणि ते नियमाबद्दल नसावं, एवढंच होतं. घड्याळजी विचारायचे, आज गुडघा काय म्हणतो, छापखान्यात सध्या काय छापतायत, तुमची बहीण 'बाकी काय' विचारते तेव्हा तिला माझं सांगता की नाही. बाई म्हणायच्या, नाही. पण एका रविवारी त्यांनी सांगितलं. बहिणीनं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

मुलाबद्दल घड्याळजी फारसं बोलत नसत. मुलगा याच शहरात, विम्याच्या कचेरीत. आई गेल्यावर त्यानं दुकान बंद करा आणि आमच्याकडे राहायला या म्हणून लकडा लावला. यांनी ऐकलं नाही. शब्दानं शब्द वाढला, आणि चार वर्षं बोलणं बंद. दुकान तर शेवटी बंद झालंच, पण ते सांगायलाही यांनी फोन केला नाही.

"चार वर्षं!" बाई म्हणाल्या. "अहो, दुकानात लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू केलीत ना? मग हे एक तुम्हाला जमेना? लावा फोन. म्हणावं, मला गुरुवारी सोबत पाहिजे. मुलगा आहे तो, नाही थोडाच म्हणणार."

बोलायची पद्धत असते म्हणून बाई हे बोलल्या. आपलं कुणी ऐकतं याची त्यांना सवय होती, पण ते शिट्टी वाजवल्यावर. न वाजवता कुणी ऐकेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. घड्याळजी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

खरी गोष्ट अशी, की बाईंच्या मनात वेगळंच शिजत होतं. आठवा नियम त्यांनी घरी येऊन मोठ्यानं आठ वेळा म्हणून पाहिला. कामावर असलेल्या कर्मचाऱ्यानं. कामावर असलेल्या. त्यांची सुट्टी सोमवारी असायची. तीच गुरुवारी घेतली, तर गुरुवारी त्या कामावर नसतील. मग त्या कोण? साधी बाई. कुणाचीही पाहणारी म्हणून उभी राहू शकते, वहीत नाव लिहून, नियमानं.

बाई बागेच्या कचेरीत गेल्या आणि कारकुनासमोर अर्ज ठेवला.

"गुरुवार?" कारकून म्हणाला. "बाई, लोक माझ्यामागं रविवारसाठी हात धुऊन लागतात. गुरुवार कुणी मागत नाही. काय दवाखाना वगैरे?"

"नाही."

"मग कारण काय लिहू?"

"वैयक्तिक लिहा."

अकरा वर्षांत बाईंनी वैयक्तिक असं काही सांगितलं नव्हतं. कारकुनानं चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि लिहिलं. "एकदा बदललं की वर्षभर बदलत नाही बरं का. नंतर माझ्याकडे येऊ नका."

"येत नाही," बाई म्हणाल्या.

मंजुरीला पाच आठवडे लागणार होते. घड्याळजींना सांगावं असं दर गुरुवारी अगदी ओठांवर यायचं. पण सांगितलं आणि साहेबांनी नकार दिला तर? उगाच त्यांना आशेला लावायचं आणि मग तोंडघशी पडायचं. त्यापेक्षा एकदम वहीत नाव लिहून, दोरीच्या आत जाऊन त्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि म्हणायचं, चला, लावा चष्मा. त्यांचा चेहरा कसा होईल ते बाई बसल्या बसल्या रंगवायच्या. त्या हे इतक्या वेळा रंगवायच्या की एकदा त्यांच्या डोळ्यांसमोरून एक माणूस गुलाबाची अख्खी फांदी घेऊन गेला.

आणि तयारी! खात्यानं पाहणाऱ्यांसाठी काढलेलं चार पानी पत्रक त्यांनी घरी नेलं. रोज संध्याकाळी छापखान्याच्या गच्चीवर, टाक्यांच्या मधोमध उभं राहून त्या एखादा कावळा निवडायच्या आणि नजर न हलवता त्याच्यामागं राहायच्या. "डावीकडे," मोठ्यानं म्हणायच्या, "तारेच्या वर. दोन हात. आता उजवीकडे वळला. समोर खांब." मान आखडायची. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीनं एक दिवस विचारलं, "बाई, बरं आहे ना सगळं?" बाई कावळ्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "बरं आहे."

मंजुरी यायला दोन आठवडे उरले होते तेव्हाच्या गुरुवारी घड्याळजी आले नाहीत.

बाईंनी सहा वाजेपर्यंत फाटकाकडे पाहिलं. पुढच्या गुरुवारीही ते आले नाहीत. बाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. आजारी असतील. पडले असतील. एकटा माणूस घरात पडला तर कुणाला कळणार? हा विचार बाईंना नवा नव्हता, फक्त आजवर त्यात त्या स्वतः पडलेल्या असायच्या. वहीत परवान्याशेजारी त्यांचा पत्ता होता, फोनचा आकडाही होता. पण वहीतली माहिती खाजगी कामासाठी वापरायची नाही, असं वहीच्या पहिल्याच पानावर छापलेलं. बाईंनी वही दोनदा उघडली आणि दोनदा मिटली. मला विचाराल तर लावायला हवा होता फोन. पण मग त्या बाई नसत्या, दुसरंच कुणीतरी असतं.

सोमवारी मंजुरीचा कागद आला. तीन दिवसांनी बाईंच्या आयुष्यातला पहिला सुट्टीचा गुरुवार उजाडला. ते येतील की नाही याची खात्री नव्हती, तरी बाई दुपारी तीनलाच तयार. कपाटातला निळा स्वेटर काढला. केस दोनदा विंचरले. मनगटावर घड्याळ, पिशवीत ते चार पानी पत्रक. शिट्टी खुंटीवर ठेवून निघाल्या, मग जिन्यातून परत आल्या आणि तीही पिशवीत टाकली. अकरा वर्षांची सवय, गळ्यात नाही तर निदान जवळ तरी.

बागेशी पोचायला चार वाजून दहा मिनिटं झाली, कारण त्या मुद्दाम सावकाश चालत आल्या. फाटकावर त्यांच्या खुर्चीत तो पश्चिमेचा उंच रखवालदार बसला होता. गुरुवारसाठी त्याला इकडे टाकलं होतं. त्यानं बाईंना पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मैदानात, दोरीच्या आत, घड्याळजी उभे होते. धडधाकट होते. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुढचं दिसलं. घड्याळजींच्या शेजारी चाळिशीतला, जरा पोट सुटलेला, कचेरीचा सदरा घातलेला एक माणूस उभा होता, आणि त्याची कपाळाची ठेवण थेट घड्याळजींची होती.

बाई तशाच पुढं निघाल्या.

"बाई," मागून उंच रखवालदार म्हणाला. "दोरीपाशी जायचं नाही. उडवणारा आणि पाहणारा, दोघंच. तुम्हाला ठाऊक आहे. तीस पावलं."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

त्या बाकाकडे वळल्या. पण चुन्याची रेघ बाकाच्या पुढं नव्हती, मागं होती, चांगली दहा-बारा पावलं मागं. उंच माणूस, ढांगा लांब, पण त्याची तीस पावलं ती तीस पावलं. बाक आत गेला होता. बाईंना स्वच्छतागृहाच्या भिंतीशी उभं राहावं लागलं.

घड्याळजींनी डबडं डोळ्यांवर चढवलं. ड्रोन उठला, झाडांच्या वर गेला, टाकीच्या दिशेनं तरंगत राहिला. घड्याळजींचं तोंड उघडं पडलं होतं. इतक्या लांबूनही बाईंना कळलं की त्यांना पानं दिसतायत. बाईंना आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आनंदापेक्षा हेवा जास्त झाला, त्या पोट सुटलेल्या मुलाचा. आणि लेकराचा बापाशी समेट झाला त्याचा आपल्याला हेवा वाटतो, याची लाजही वाटली. फोन लावा म्हणून आपणच तर सांगितलं होतं.

पण नजर काही केल्या ड्रोनवरून हलेना. पाच आठवड्यांचे कावळे वाया कसे जातील. डावीकडे झाड, चार हात. आता मोकळं. तार खाली आहे. बाईंचे ओठ हलत होते.

मुलाचा फोन वाजला. त्यानं खिशातून काढला आणि मान खाली घातली.

त्याच क्षणी टाकीवरून घार सुटली. दिवस विणीचे, टाकीवर तिचं घरटं होतं. ती ड्रोनच्या मागून, वरून येत होती, म्हणजे घड्याळजींना चष्म्यात दिसणं शक्यच नव्हतं. बाई ओरडल्या, पण एवढ्या लांबून कुणाला ऐकू जाणार. मग हात आपोआप पिशवीत गेला आणि शिट्टी वाजली, तीन वेळा, अशी की सगळी बाग एक पाय हवेत ठेवून उभी राहिली.

मुलानं दचकून मान वर केली. "बाबा, घार! मागून, घार! खाली घ्या, खाली!"

ड्रोन दगडासारखा खाली आला. घार रिकाम्या हवेतून निघून गेली. ड्रोन गवतावर टेकला, त्याला साधा ओरखडाही नव्हता.

घड्याळजींनी डबडं काढलं आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे! नजर आहे तुला. तुझ्या आईची नजर." मुलगा काहीतरी म्हणाला, शिट्टी, भिंत, असं काहीतरी. घड्याळजींनी भिंतीच्या दिशेनं पाहिलं. पन्नासएक पावलं होती. तिथं त्यांना धुकं दिसलं असेल, फार तर त्यात एक निळा डाग. नम्रपणे, कुणी का असेना म्हणून त्यांनी हात वर केला. बाईंनीही केला. मग बापलेक डोक्याला डोकं लावून ड्रोनच्या कॅमेऱ्यात काय आलंय ते बघायला लागले, आणि दोघं कशाला तरी एकदम हसले.

बाई दोन पावलं पुढं गेल्या होत्या, तिथंच थांबल्या. जाऊन सांगणार काय? मी तुमची पाहणारी व्हायला आले होते, वर्षभराची सुट्टी बदलून? चार वर्षांनी बापाजवळ उभ्या राहिलेल्या मुलाच्या समोर?

उंच रखवालदार लांब ढांगा टाकत आला. बाईंना वाटलं, आता हा जुन्या तक्रारीची परतफेड करणार. "बाई, कामावर नसताना शिट्टी वाजवायची नाही," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "नियम आहे." आणि शिट्टी पिशवीत ठेवली.

तो गेला नाही. मैदानाकडे बघत म्हणाला, "ते घड्याळजी आल्या आल्या तुमची चौकशी करत होते. बाई कुठं आहेत म्हणून. मी सांगितलं, त्यांनी सुट्टी बदलून घेतली, आता गुरुवारी त्या येत नाहीत. वर्षभर तरी नाही. तोंड एवढंसं झालं हो त्यांचं. म्हणाले, माझ्याकडून आभार सांगा, त्यांच्या बोलण्यामुळं फोन लावला, दोन आठवडे मुलाकडेच राहून आलो."

बाईंनी मनगटाकडे पाहिलं. पाच वाजायला वीस मिनिटं होती, घड्याळ अगदी बरोबर चालत होतं.

"पुढच्या गुरुवारी येणार आहेत का ते?"

"दर गुरुवारी येणार म्हणाले. मुलगा कचेरीतून लवकर सुटतो."

बाईंनी स्वेटरची वरची गुंडी लावली. फाटकाकडे चालू लागल्या, मग थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून तीस पावलं मोजताना जरा लहान टाकत जा. तो बाक बाहेर राहिला पाहिजे. कुणाला बसायचं असतं."